भयकथा रद्दीत जातात, तेव्हा इतिहासही जातो

(१) आजचा धागा लढाईवर नाही, किल्ल्यावर नाही, ताम्रपटावरही नाही. तो आहे भयकथा, विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांवर. त्यातही ज्या लेखनाला मोठा प्रकाशक, पुरस्कार किंवा अभ्यासक्रमातील जागा यांपैकी काहीच लाभले नाही, त्यावर. माझे मत आरंभीच सांगते. हे साहित्य निर्भेळ आनंदासाठी वाचावे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ते जपावेही.

(२) पदव्युत्तर प्रबंधासाठी मी प्रथम मराठी भयकथेचा विषय सुचवला होता. उत्तर मिळाले, "हे वाङ्मय नव्हे, वेळ घालवण्याचे साधन आहे." मी विषय बदलला. त्या वाक्याला मात्र माझ्याकडे आज एक प्रत्युत्तर आहे. माणसे आपला वेळ कशात घालवत होती, हा इतिहासाचाच प्रश्न नव्हे काय?

(३) प्रारंभ दूरच्या उदाहरणाने करू. १५ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट हा लेखक वयाच्या ४६ व्या वर्षी वारला. आज भयसाहित्यात त्याचे नाव एडगर अॅलन पो याच्या शेजारी घेतले जाते. त्याच्या हयातीत मात्र त्याच्या कथा प्रामुख्याने 'वीअर्ड टेल्स'सारख्या स्वस्त कागदाच्या मासिकांत आणि हौशी लेखकांच्या पत्रिकांत छापल्या गेल्या.

(४) १९३६ साली एका हौशी प्रकाशकाने त्याची 'द शॅडो ओव्हर इन्समथ' ही दीर्घकथा पुस्तकरूपाने काढली. छापल्या सुमारे ४०० प्रती, बांधणी झाली त्यांतील निम्म्यांचीच. मुद्रणदोष इतके, की शुद्धिपत्र जोडावे लागले. एका थोर भयकथाकाराच्या हयातीतील ग्रंथवैभव ते एवढेच!

(५) त्याच्या मृत्यूनंतर ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्री या दोन तरुण मित्रांनी त्याच्या कथांचा संग्रह करण्याचे ठरवले. प्रस्थापित प्रकाशकांनी नकार दिला. तेव्हा १९३९ मध्ये विस्कॉन्सिनमधील सॉक सिटी या लहानशा गावातून त्यांनी स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली आणि तिला लव्हक्राफ्टच्या काल्पनिक नगरीवरून 'अर्कम हाउस' असे नाव दिले. डर्लेथने घरासाठी काढलेल्या कर्जातील काही रक्कम या छपाईत घातली.

(६) पहिल्या ग्रंथाच्या १२६८ प्रती छापल्या, किंमत पाच डॉलर. त्या खपायला सुमारे चार वर्षे लागली. व्यापाराच्या हिशेबाने हा उद्योग वेडेपणाचा होता. पण याच संस्थेने १९४७ मध्ये रे ब्रॅडबरी याचे पहिले पुस्तक 'डार्क कार्निव्हल' प्रसिद्ध केले. पुढे २००५ मध्ये 'लायब्ररी ऑफ अमेरिका' या प्रतिष्ठेच्या ग्रंथमालेत लव्हक्राफ्टचा समावेश झाला. विद्वानांची मान्यता येईपर्यंतची ६६ वर्षे या कथा तगल्या, त्या ज्यांना त्या वाचताना मजा येत होती अशा वाचकांमुळे.

(७) येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जपणे म्हणजे पूजा करणे नव्हे. लव्हक्राफ्टच्या लेखनातील वंशद्वेष उघड आहे. त्याच्या मुखवट्याच्या रूपात दिली जाणारी 'वर्ल्ड फँटसी' पुरस्काराची प्रतिमा २०१५ मध्ये बदलण्याचे ठरले. दुसऱ्याच वर्षी व्हिक्टर लावाल या कृष्णवर्णीय लेखकाने लव्हक्राफ्टचीच एक कथा उलटी फिरवून, तिच्यातील उपेक्षितांच्या बाजूने नवी कादंबरिका लिहिली. मूळ कथा नष्ट झाली असती, तर असे उत्तर तरी कशाला देता आले असते?

(८) आता घरी परतू. मराठीला ही आवड काल-परवा लागलेली नाही. मुळात कोचीनहून सुरू झालेल्या 'केरळ कोकिळ' या मराठी मासिकात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ज्यूल व्हर्नच्या चांद्रसफरीचे रूपांतर क्रमशः आले. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा १९१५ची. आरंभीच्या मराठी विज्ञानकथांत तिची गणना होते. पुढे अनंत अंतरकरांनी 'हंस' आणि 'मोहिनी' यांच्या जोडीने 'नवल' हे मासिक चालवले. नावाप्रमाणेच त्याचा ओढा अद्भुताकडे होता.

(९) माझा सर्वांत आवडता प्रसंग १९७४ मधील. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. कथेला पारितोषिक मिळाले आणि मग उलगडा झाला, की जगताप नावाचे कोणी नव्हतेच. ते होते डॉ. जयंत विष्णु नारळीकर. स्वतःची आद्याक्षरे उलट क्रमाने लावून त्यांनी टोपणनाव घेतले होते, जेणेकरून परीक्षकांवर कीर्तीचे दडपण येऊ नये.

(१०) जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञालाही विज्ञानकथेच्या दारातून अनोळखी माणसासारखे आत यावेसे वाटले. तेच नारळीकर २०२१ मध्ये नाशिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. स्पर्धेतील टोपणनावापासून संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंतचा हा ४७ वर्षांचा प्रवास एका व्यक्तीचा आहे, तसाच तो एका साहित्यप्रकाराचाही आहे.

(११) नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या वाट्याला असा सन्मान आला नाही. त्यांना वाचकांनी जगवले, आणि तेही बहुधा विकत घेऊन नव्हे, तर वाचनालयातून घरी नेऊन. २०१८च्या 'तुंबाड' चित्रपटाच्या प्रेरणास्थानांत दिग्दर्शकाने धारपांच्या कथेचा उल्लेख केला. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक गर्दी झाली. ज्यांनी धारपांची एकही ओळ वाचली नव्हती, ते त्यांच्या भीतीचे वारसदार झाले.

(१२) आक्षेप पहिला: "धारपांची अनेक बीजे इंग्रजी भयसाहित्यातून आली आहेत." मान्य. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरा रस याच ठिकाणी वाटला पाहिजे. परक्या गावातील भीती मराठी वाड्यात आणताना लेखकाने काय टाकले, काय ठेवले? चर्चच्या जागी काय आले? संकटातून सोडवणारा 'समर्थ' का आला? रूपांतरात समाजाचे मन मूळ रचनेपेक्षाही स्पष्ट दिसते.

(१३) आक्षेप दुसरा: "यातील बरेचसे लेखन सुमार असते." हेही मान्य. विज्ञानकथाकार थिओडोर स्टर्जन याने या आक्षेपाला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: नव्वद टक्के विज्ञानकथा टाकाऊ असतील, पण मग कोणत्याही क्षेत्रातील नव्वद टक्के गोष्टी टाकाऊच असतात. शिवाय आपण बखरी केवळ शैलीसाठी वाचतो काय?

(१४) गेल्या वर्षी एका रद्दीच्या दुकानात बंद पडलेल्या वाचनालयाची पुस्तके वजनावर विकली जात होती. त्यांतील एका भयकथासंग्रहाच्या मागे परतीच्या तारखांची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. एकाच महिन्यात पुस्तक सहा घरी जाऊन आले होते. समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, "रात्री वाचू नये." त्याखाली वेगळ्या अक्षरात, "वाचले. झोप नाही."

(१५) हे दोन वाचक कोण, हे कधीच कळणार नाही. पण वाचनाचा इतका जिवंत पुरावा मला कोणत्याही अभिलेखागारात मिळाला नाही. हे पुस्तक मी घेतले. उरलेला ढीग दुसऱ्या दिवशी गेला होता. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद आपोआपच पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यावर आपण तराजूही लावतो.

(१६) आजचे स्वतंत्र लेखक ई-पुस्तके काढतात, ध्वनिकथा सांगतात, स्वतःच्या खर्चाने शंभर-दोनशे प्रती छापतात. हे लेखन कागदापेक्षा टिकाऊ आहे, असे समजू नका. 'जिओसिटीज' २००९ मध्ये बंद झाली, तेव्हा असंख्य हौशी लोकांची संकेतस्थळे एका निर्णयासरशी गेली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जे उतरवून घेतले, तेवढेच उरले. डर्लेथ आणि वँड्री यांचेच हे नवे वंशज.

(१७) म्हणून विनंती तीनच. पहिली, या कथा आधी मनसोक्त वाचा. अभ्यास नंतर. घाबरण्यात कमीपणा मानू नका. दुसरी, स्वतंत्र लेखकाचे पुस्तक आवडले तर विकत घ्या आणि त्यावरील प्रकाशनवर्ष, किंमत, मुद्रणालय यांची नोंद करून ठेवा. तिसरी, घरातील जुनी मासिके रद्दीत देण्यापूर्वी एकदा चाळा. शिक्के, चिठ्ठ्या, समासातील टिपा यांची छायाचित्रे काढा.

(१८) शिवकालीन कागद मिळाला की आपण हरखून जातो, आणि ते योग्यच आहे. पण १९७५ साली कंदिलाच्या किंवा चाळीस वॅटच्या दिव्याच्या उजेडात एखादी मुलगी काय वाचून दचकली, हेही कोणीतरी सांगितले पाहिजे. आपल्या घरी असे एखादे पुस्तक असेल, तर त्याचे नाव, साल आणि ते घरात कसे आले याची हकिकत खाली अवश्य लिहा. यादी करायला मी बसलेच आहे.