पिसाचा धक्का, चौथीची वाटणी

डिसेंबर २००१मध्ये ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या पहिल्या फेरीचे निकाल लागले. पंधरा वर्षांच्या मुलांच्या वाचनाची सरासरी ५००, जर्मनीला गुण ४८४. ‘पिसा-शॉक’ हा शब्द तिथे तेव्हाच रूढ झाला. आकड्यापेक्षाही झोंबणारी गोष्ट वेगळी होती. घरची परिस्थिती आणि मुलाची संपादणूक यांची सांगड जर्मनीइतकी घट्ट दुसऱ्या कुठल्याच सहभागी देशात नव्हती.

जर्मनीत बर्लिन, ब्रांडेनबुर्ग अशी मोजकी राज्ये वगळता चौथी संपली की, दहाव्या वर्षीच मुलांची वाटणी होते. विद्यापीठाकडे नेणारे गिम्नाझियम काहींना, उरलेल्यांना इतर शाळा. डॉक्टरचे मूल आणि फॅक्टरीतल्या कामगाराचे मूल इथेच वेगळी होतात.

निकालानंतर एरवी आपापला सुभा सांभाळणारी सोळा राज्ये झपाट्याने एकत्र आली. २००३पासून देशभर समान शैक्षणिक मानके ठरू लागली, ती तपासायला २००४मध्ये बर्लिनला संस्था निघाली, केंद्राने पूर्णवेळ शाळांसाठी ४ अब्ज युरो दिले. चौथीच्या वाटणीला हात घालण्याचे धाडस हॅम्बुर्गने केले. प्राथमिक शाळा सहा वर्षांची करायला विधिमंडळातले सगळे पक्ष राजी होते, पण २०१०च्या सार्वमतात तो बेत पडला. सधन वस्त्यांतले पालक हिरिरीने मतदानाला उतरले होते.

पोलंडची गोष्ट उलटी. १९९९मध्ये तीन वर्षांची सामायिक माध्यमिक शाळा आणून तिथे मुलांची वाटणी वर्षभर पुढे ढकलली गेली. वाचनाचे गुण ४७९वरून २०१२पर्यंत ५१८ झाले. जगभर वाहवा झाली, तरी २०१७पासून नव्या सरकारने त्या शाळा मोडीत काढल्या.

चाचणी धोरण घडवते, असे आपण सहज म्हणतो. माझ्या मते ती सत्तेला पचेल तेवढेच घडवते. (आपल्याकडे २००९च्या फेरीत तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश तळाला गेले, तेव्हा भारताने चाचणीलाच रजा दिली.)

जर्मनीचे गुण मधल्या काळात वाढले. पण २०२२मध्ये वाचनात ते ४८०वर घसरले, म्हणजे धक्का बसला तेव्हापेक्षाही कमी. ऑगस्ट २०२४पासून वंचित वस्त्यांतल्या सुमारे ४,००० शाळांसाठी दहा वर्षांत २० अब्ज युरोंचा कार्यक्रम सुरू आहे. पैसा या वेळी गरज पाहून वाटला जातो, ही मोठीच गोष्ट. मुलांची वाटणी मात्र चौथीनंतरच होते.