ओटा पांढरा हवा!

"मला ओटा पांढरा हवा," आई म्हणाली. फोनवर. मंगळवारी, भर डेडलाइनच्या वेळी.

ओटा आमचा, फ्लॅट आमचा, ईएमआय तर अगदीच आमचा. पण स्वयंपाकघराचा खर्च आईचा. शाळेतून रिटायर झाली तेव्हाच तिने जाहीर केलं होतं, "तुमचं घर होईल तेव्हा स्वयंपाकघर माझ्याकडून." तर ते घर आता झालंय. वाकडला, टू बीएचके, रीसेलचं. आधीच्या मालकांच्या ओट्याला मधोमध तडा गेलेला, त्यामुळे तो काढणं भागच होतं. नवऱ्याने एक्सेल शीट उघडली, मी नेटवर फोटो पाहायला लागले आणि आईने एका वाक्यात विषय संपवला. पांढरा हवा. म्हणजे मार्बल.

मीही खूश! पांढराशुभ्र मार्बल, त्यावर बेसिलची कुंडी, कॉफी मशीन... कसलं भारी दिसेल! (आमच्याकडे कॉफी मशीन नाही. पण ओटा असला की येईल, असा माझा फंडा.)

शनिवारी आम्ही दोघं कात्रज-कोंढव्याच्या बाजूला दगड पाहायला गेलो. तुम्ही कधी मार्बलच्या गोडाऊनमध्ये गेला आहात का? साडीच्या दुकानात गेल्यासारखंच वाटतं, फक्त इथली साडी उचलायला क्रेन लागते. मोठमोठे स्लॅब उभे करून ठेवलेले आणि प्रत्येकाला नाव. मकराना, अंबाजी, स्टॅचुआरिओ, बोटिचिनो. शेठजींनी चहा मागवला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "मॅडम, ताजमहल भी इसी मकराने का है." आता यावर काय बोलणार? खरंच आहे ते. राजस्थानातल्या मकरान्याचाच दगड ताजमहालाला लागलाय आणि कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरिअललाही. पण नवरा हळूच म्हणाला, "ताजमहालात कोणी फोडणीचं वरण करत नाही."

हा मुद्दा मात्र डोक्यात राहिला. कारण त्याच आठवड्यात मी दुसऱ्या एका लेखासाठी भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमना फोन केला होता. काम संपल्यावर सहज ओट्याचा विषय काढला, तर त्यांनी पाच मिनिटांत माझी शाळाच घेतली. मार्बल म्हणजे मुळात चुनखडी. जमिनीखाली उष्णता आणि दाब यांनी तिचं रूप बदललं, पण स्वभाव चुन्याचाच राहिला. आंबट पडलं की तो विरघळणार. लिंबू, चिंच, कोकम, ताक, व्हिनेगर, सगळे त्याचे शत्रू. ग्रॅनाइटचं गोत्र वेगळं. तो तप्त शिलारस खोल जमिनीत सावकाश थंड होऊन बनतो. त्यात क्वार्ट्‌झ आणि फेल्स्पार असतात, त्यामुळे तो कडक असतो. सुरीने त्यावर सहसा ओरखडा उठत नाही आणि लिंबाला तो भीक घालत नाही.

"आणि बाजारातला काळाकुट्ट ग्रॅनाइट बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतोच," त्या म्हणाल्या. "गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. पण ओट्याला उत्तम!"

मी आईला फोन केला. "अगं, मार्बल आंबटाने खराब होतो."

"मग पुसायचं लगेच. आळस कशाला?"

"काळा ग्रॅनाइट घेऊ या ना. सगळे तोच घेतात."

"काळ्यावर घाण दिसत नाही," आई म्हणाली. "मी तीस वर्षं काळ्या ओट्यावर स्वयंपाक केला. रात्री पुसून झोपायचं आणि सकाळी उजेड आला की कळायचं, पिठाचा हात तसाच आहे, तेलाचा ओघळ तसाच आहे. मला एकदा तरी पांढऱ्या ओट्यावर पोळ्या करायच्यात."

आता बोला. पैसे तिचे आणि तीस वर्षांची इच्छाही तिची. मी कोण नाही म्हणणारी? त्यात आम्ही फ्रीलान्सर लोक. आमचे चेक येतात तेव्हा येतात. तिचे पैसे एकदा चुकीच्या दगडात गेले की पुन्हा ओटा करायची माझी ऐपत नाही.

शेवटी नवऱ्याने तोडगा काढला. "भांडू नका, टेस्ट घेऊ."

शेठजींकडे कापून उरलेल्या तुकड्यांचा ढीग असतो. मागितले की देतात, लाजायचं नाही. आम्ही चार तुकडे आणले. पांढरा मार्बल, काळा ग्रॅनाइट, करडे-काळे ठिपके असलेला पांढरट ग्रॅनाइट आणि मुद्दाम एक कडाप्पा. सांगलीच्या घरातला आईचा ओटा कडाप्प्याचा आहे, म्हणून. त्या वीकेंडला आई पुण्यात आली होती. रात्री चारही तुकडे गॅलरीत मांडले आणि प्रत्येकावर तेच चार पदार्थ घातले. लिंबाची फोड, हळद घातलेलं तेल, कोकमाचं आगळ आणि चहाचा थेंब. आई म्हणाली, "पोरखेळ." पण झोपायच्या आधी दोनदा बघून आली.

सकाळी रिझल्ट. मार्बलवर हळदीचा पिवळा गोल उमटलेला आणि लिंबाच्या जागी पॉलिश गायब. हात फिरवला तर खरखरीत. पुसून, धुऊन काही उपयोग नाही, कारण तो डाग नव्हताच. तिथला दगडच थोडा गेला होता. काळ्या ग्रॅनाइटला ढिम्म फरक नाही. पांढरट ग्रॅनाइटवर लिंबाचं काही नाही, पण हळदीची फिकट सावली राहिली. फिकट ग्रॅनाइट थोडंफार तेल पितो, म्हणून त्याला सीलर लावावा लागतो.

आणि कडाप्पा? लिंबाच्या जागी पांढुरका, निस्तेज ठिपका. मी सांगून टाकलं, "कडाप्पाही चुनखडीच आहे, आई. कोटा, शहाबाद, सगळे त्याच घराण्यातले."

आई काही बोलली नाही. तिने तो तुकडा उचलला, उजेडात तिरका धरला, त्यावरून अंगठा फिरवला.

"आपल्या ओट्यावर असाच आहे," ती म्हणाली. "खिडकीजवळ. तुझे बाबा रोज सकाळी तिथे उभं राहून लिंबू पिळायचे पाण्यात. बावीस वर्षं. मी तो डाग घासते आहे. राखेने घासला, पावडरने घासला. मला वाटायचं, माझंच घासणं कमी पडतंय."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी चहा करायला आत गेले.

दुपारी जेवताना आई स्वतःच म्हणाली, "मार्बल नको." थोड्या वेळाने, "पण काळाही नको." म्हणजे फिकट ग्रॅनाइट. मांडवली झाली!

आता तुमच्यापैकी ज्यांचं पझेशन जवळ आलंय त्यांच्यासाठी या सगळ्या धावपळीतून गोळा केलेलं ज्ञान. फुकट आहे, घ्या.

एक, दगड ट्यूबलाइटखाली पसंत करू नका. स्लॅब बाहेर काढायला सांगा, उन्हात बघा, त्यावर पाणी ओता. पाणी सुकताना बारीक चीर असेल तर ती ओली रेघ होऊन शेवटपर्यंत दिसते. बोटाने टकटक करा. आवाज खणखणीत हवा.

दोन, काळा ग्रॅनाइट घेत असाल तर पर्समध्ये नेलपॉलिश रिमूव्हर आणि कापूस ठेवा. एका दुकानात मी कापूस फिरवला आणि तो काळा झाला. करड्या दगडाला रंग चढवून 'जेट ब्लॅक' म्हणून उभा केला होता. दुकानदार आधी माझ्याकडे आणि मग छताकडे बघायला लागला.

तीन, नावावर जाऊ नका. 'काश्मीर व्हाइट' काश्मीरचा नाही, तमिळनाडूतल्या मदुराईकडचा आहे. दगड बघा, पाटी नको. आणि सगळे स्लॅब एकाच लॉटमधले घ्या. तोच माल महिन्याने आणला तर छटा बदललेली असते.

चार, भाव विचारताना मोजणी कशी, तेही विचारा. तुम्हाला लागतो तेवढाच दगड की पूर्ण स्लॅब? कटिंग, सिंकचं भोक, कडेचं मोल्डिंग, वाहतूक, बसवणं, हे सगळं धरलंय का? आमच्या एक्सेल शीटला घाम इथे फुटला.

पाच, मार्बलशी माझं वैर नाही. हॉलमध्ये, देवघरात तो झकास दिसतो. बसवताना खाली पांढरं सिमेंट वापरायला सांगा, करड्या सिमेंटची छाया वर येऊ शकते. बाथरूममध्ये मात्र चकाचक पॉलिशचा काहीच नको, ना मार्बल ना ग्रॅनाइट. घरात म्हातारं माणूस असेल तर नकोच नको.

सहा, आणि हे सीरियसली. आमच्याकडे कारागीर आला आणि त्याने गॅलरीत कोरडाच कटर चालवला. पांढरा धुरळा, तोंडाला साधा रुमाल. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कृत्रिम क्वार्ट्‌झच्या ओट्यांत सिलिकाचं प्रमाण ग्रॅनाइटहूनही खूप जास्त असू शकतं, इतकं की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून ते ओटे बनवण्या-बसवण्यावरच बंदी घातली. आपण किमान एवढं करू शकतो, पाण्याचा पाइप लावून कटिंग करायला सांगायचं आणि चांगला मास्क आणून द्यायचा. आम्ही काम थांबवून तेच केलं. कारागीर म्हणाला, "पाण्याने चिखल होतो, ताई." होऊ दे. चिखल पुसता येतो.

ओटा बसला. सीलर लागला. कॉफी मशीन अजून आलेलं नाही.

गेल्या रविवारी आई आली. तिने आधी पोळ्या केल्या, मग फडक्याने ओटा पुसला, मग खाली वाकून, डोळे ओट्याच्या पातळीला आणून बघितलं. नंतर लिंबू चिरलं, तेही बोर्डवर नाही, थेट ओट्यावर. पाच मिनिटं तसंच राहू दिलं आणि पुसलं.

"गेलं," ती म्हणाली. खूश होती.

मी म्हटलं, "सांगलीचाही ओटा बदलून घेऊ या का, याच दगडाचा? शेठजी भाव बरा देतील."

"तो राहू दे," आई म्हणाली आणि फडकं पिळायला लागली.