विश्लेषण : जग जिंकले, पण पाथरीचे दप्तर कोणाकडे?

इतिहासावरच्या संगणक खेळात दख्खनमधल्या एका राज्यापासून सुरुवात करून अख्खे जग एकाच रंगात रंगवता येते. राज्यविस्ताराची किंमत काय असते, हे असे खेळ बरेच बरोबर सांगतात. मात्र राज्य म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे असेल तर परभणी जिल्ह्यातील पाथरीचा इतिहास अधिक उपयोगी पडतो.

हा खेळ नेमका काय आहे?

स्वीडनमधील स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा 'युरोपा युनिव्हर्सलिस ४' हा खेळ ऑगस्ट २०१३ मध्ये बाजारात आला. यात बंदूक चालवायची नसते. पडद्यावर जगाचा नकाशा असतो आणि तारीख असते ११ नोव्हेंबर १४४४. खेळाडूने एक राज्य निवडायचे आणि १८२१ पर्यंत ते चालवायचे. कर, सैन्य, सोयरिकी, तह, बंडे, व्यापार असे सगळे त्याच्याच हाती. २०१८ मध्ये खास भारतीय उपखंडावर बेतलेली 'धर्मा' ही पुरवणीही आली.

१४४४ मध्ये आजचा मराठवाडा बहमनी राज्यात होता आणि राजधानी होती बिदर. त्यामुळे परभणीतला एखादा विद्यार्थी लॅपटॉपवर हा खेळ सुरू करून बहमनी राज्य निवडतो, तेव्हा तो आपल्याच जिल्ह्यावर राज्य करत असतो. या खेळातले सर्वांत मोठे आव्हान म्हणजे 'वर्ल्ड कॉन्क्वेस्ट'. जगातील सगळी जमीन एकतर आपली, नाहीतर आपल्या मांडलिकांची करायची. खेळाडूंच्या भाषेत याला 'मॅप पेंटिंग', म्हणजे नकाशा रंगवणे म्हणतात.

जग जिंकणे अवघड का असते?

लढाई जिंकणे हा त्यातला सोपा भाग. खरा त्रास पुढे सुरू होतो. जिंकलेला प्रांत लगेच आपला होत नाही. तो राज्यात मुरवण्यासाठी प्रशासकीय गुण खर्च करावे लागतात आणि ते किती मिळतील, हे बरेचसे राजाच्या वकुबावर ठरते. न मुरवलेल्या प्रांतांचा बोजा १०० टक्क्यांच्या वर गेला की राज्यात एकामागून एक संकटे येऊ लागतात.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. झपाट्याने मुलूख घेतला की आजूबाजूची राज्ये धास्तावतात आणि एकत्र येतात. म्हणून मुरलेला खेळाडू एका बाजूला थोडे घेतो, थांबतो, मग दुसरीकडे वळतो. जग जिंकण्याची मोहीम म्हणजे तलवारीपेक्षा वेळापत्रकाची कसरत असते.

पाथरीचा यात काय संबंध?

अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पाथरीत आहे. (ही निजामशाही आणि हैदराबादचा निजाम ही दोन वेगळी राज्ये.) मध्ययुगीन इतिहासकार फिरिश्ता याच्या वृत्तांतानुसार, पाथरीच्या एका ब्राह्मण कुटुंबातला मुलगा विजयनगरवरील स्वारीत बहमनी सैन्याच्या हाती लागला. तो मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने बहमनी दरबारात वर चढत गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य उभारले आणि १४९४ मध्ये अहमदनगर वसवले. हे घराणे मूळचे पाथरीचे कुलकर्णी, म्हणजे गावचा हिशेब ठेवणारे होते, असे मानले जाते.

बहमनी राज्य फुटले तेव्हा पाथरी गेली वऱ्हाडच्या इमादशाहीकडे. मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याला पूर्वजांचे गाव हवे होते. बदल्यात दुसरा मुलूख देऊ, असा निरोप त्याने पाठवला. अल्लाउद्दीन इमादशहाने नकार दिला आणि १५१८ मध्ये निजामशाही फौजेने पाथरी जिंकून घेतली. भांडण तिथे मिटले नाही. पाथरी पुन्हा हातची गेली, पुन्हा घेतली गेली. शेवटी इमादशहाच्या मदतीला गुजरातचा बहादूरशहा दख्खनवर चालून आला. एका परगण्यासाठी सुरू झालेल्या वादात तीन-चार सुलतान ओढले गेले. शेजारी का बिथरतात, याबाबत खेळाने केलेले गणित इथे तंतोतंत लागू पडते.

१५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड गिळले आणि १५९६ मध्ये ते मोगलांना द्यावे लागले. अकबराच्या काळातील 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून पाथरीची नोंद आहे. अठराव्या शतकात हा भाग हैदराबादच्या निजामाकडे गेला. म्हणजे खेळाच्या पावणेचारशे वर्षांच्या मुदतीत पाथरीने बहमनी, इमादशाही, निजामशाही, मोगल आणि निजाम असे किमान पाच रंग पाहिले.

मग 'बोजा वाढणे' प्रत्यक्षात कधी दिसले?

याचे सर्वांत मोठे उदाहरण याच मातीत आहे. औरंगजेब १६८१ मध्ये दख्खनच्या मोहिमेवर निघाला. १६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. १६९८ मध्ये जिंजीही मोगलांच्या हाती आली. नकाशा पाहिला तर जवळपास अख्खा उपखंड एका रंगाचा. खेळात हा विजयाचा क्षण ठरला असता.

प्रत्यक्षात मात्र नव्या मुलखातून ठरलेला वसूल येत नव्हता. नव्या सरदारांना द्यायला पुरेशा जहागिरी नव्हत्या. एक किल्ला घ्यावा तर आधी घेतलेला मराठे परत घेत होते. पंचवीस वर्षे छावणीत काढून १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू झाला, तोही अहमदनगरला. साम्राज्याचा नकाशा सर्वांत मोठा होता, तेव्हाच त्याचा पाया खचत होता.

खेळ चुकतो कुठे?

संगणकाच्या भाषेत सांगायचे तर खेळातील प्रत्येक प्रांताच्या नोंदीत 'मालक' हा एकच रकाना असतो. त्यात एका वेळी एकच नाव बसते. नकाशाचा रंग त्यावरून ठरतो. अठराव्या शतकातला मराठवाडा या रकान्यात मावत नाही.

१७१९ मध्ये मोगल बादशहाने दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांना दिल्या. म्हणजे महसुलाचा २५ टक्के आणि वर १० टक्के हिस्सा. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजाम दख्खनमध्ये जवळपास स्वतंत्र झाला. पालखेडच्या मोहिमेत बाजीराव पेशव्याने त्याला कोंडीत पकडले आणि १७२८ च्या मुंगी-शेवगावच्या तहात निजामाला मराठ्यांचा हा हक्क मान्य करावा लागला.

परिणाम असा, की मुलूख निजामाचा, पण त्याच मुलखाच्या वसुलात मराठ्यांचाही वाटा. यालाच दुअंमली म्हणजे दुहेरी अंमल म्हणत. त्याखाली परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि गावचे पाटील-कुलकर्णी यांची वतने वेगळीच. सत्ता बदलली तरी ही मंडळी बहुतेक ठिकाणी कायम राहत. कारण कोणाचे शेत किती आणि सारा किती, हे फक्त त्यांच्या दप्तरात असे. मग गोदाकाठचे एखादे गाव 'कोणाचे' होते? याचे एका रंगात उत्तर देता येत नाही.

एवढ्याने काय बिघडते?

खेळ संपला की लॅपटॉप बंद होतो. पण एकरंगी नकाशा मोबाईलवर येऊन बसतो. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, हा मोठा पराक्रम होता आणि त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र स्टेटसवर फिरणाऱ्या नकाशात त्यानंतरची दोन वर्षे नसतात. १७५९ संपता संपता पंजाब हातचा गेला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत घडले. घोडी जिथवर गेली, तिथवर ठाणी, वसूल आणि न्याय पोहोचायला वेळ मिळाला नव्हता.

मोगलांचा एकरंगी नकाशा फिरवणाऱ्यांचीही हीच चूक होते. नकाशाच्या चित्रावरून 'आमचे राज्य' आणि 'तुमचे राज्य' असा हिशेब मांडला जातो. इतिहासातील राज्यकर्त्यांवरच्या स्टेटसवरून गावागावांत तणाव झाल्याचे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले आहे. ज्या पाथरीत कुलकर्ण्याच्या घराण्यातून सुलतान निघाले, त्या भागाचा इतिहास दोन रंगांत वाटता येत नाही.

या नकाशात माणसे कुठे आहेत?

खेळात प्रांताची किंमत कर, उत्पादन आणि मनुष्यबळ अशा तीन आकड्यांत असते. फौजा फिरल्या की 'विध्वंस' नावाचा आकडा वाढतो आणि शांतता झाली की हळूहळू उतरतो. १६३० ते १६३२ दरम्यान शाहजहानच्या फौजा निजामशाहीशी लढत होत्या, तेव्हाच पाऊस दगा देऊन दख्खन आणि गुजरातमध्ये भीषण दुष्काळ पडला. माणसे आणि जनावरे मेली, गावे ओस पडली. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. नकाशात हा फक्त रंगबदल आहे. मराठवाड्यातल्या वाचकाला दुष्काळ म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

खेळ तयार करणाऱ्यांनाही ही उणीव जाणवली असावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'युरोपा युनिव्हर्सलिस ५' मध्ये लोकसंख्या मोजली जाते आणि राजधानीपासून दूर गेले की राज्याची पकड सैल होत जाते. ही सुधारणा योग्य दिशेची आहे.

राज्य गेले, दप्तर का राहिले?

परभणीचा शेवटचा मोठा रंगबदल सप्टेंबर १९४८ मधला. १३ तारखेला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ ला निजामाने शरणागती पत्करली. खेळात असा तह एका क्लिकमध्ये होतो. इथे मात्र पुढची कामे अनेक वर्षे चालली. जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या. कुळकायदा १९५० मध्ये आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

आणि दप्तर? ते आजही बोलते आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मराठवाड्यात निजामकाळातील कागदपत्रांची शोधाशोध सुरू झाली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम महत्त्व आले. २ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे शासन निर्णय काढला. आरक्षणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट उघड आहे. निजामाचा रंग नकाशावरून पुसून ७५ वर्षे झाली, तरी त्याच्या कारकुनांनी लिहिलेल्या ओळींवर आजच्या कुटुंबांचे दाखले अवलंबून आहेत.

मग खेळायचे की नाही?

जरूर खेळावे. पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपणारी बहमनी, इमादशाही, निजामशाही ही नावे या खेळामुळे एखाद्या मुलाच्या तोंडी बसत असतील, तर ते चांगलेच आहे. एकामागून एक युद्धे जिंकूनही राज्य कसे बुडते, हे त्यात हाताने करून कळते.

मात्र नकाशा एका रंगाचा झाला की तीन प्रश्न विचारावेत. या गावाचा सारा कोण वसूल करत होते? नोंद कोणाच्या वहीत होती? आणि पाऊस पडला नाही त्या वर्षी सरकार म्हणून कोण दारात आले? या तिन्हींची उत्तरे ज्याच्याकडे असतील, राज्य त्याचे. ती उत्तरे शोधायला लॅपटॉप पुरत नाही, त्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात जावे लागते. तिथले जुने कागद वेळेत जपले, वाचले आणि संगणकावर चढवले गेले, तर परभणीच्या मुलांना जगाआधी स्वतःचे गाव जिंकता येईल.