चमकते तेवढेच मोजून भागत नाही



प्लाझ्मा-झोतातून हिऱ्याचा थर घडवताना झोताचा प्रकाश वर्णपटमापकाने तपासला की प्रक्रियेचे सारे कळते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. हायड्रोजनमध्ये शेकडा एखादा भाग मिथेन सोडला की झोताला हिरवट छटा येते. ती ५१६ नॅनोमीटरजवळ चमकणाऱ्या द्विकार्बन रेणूंची. पण चमकतात ते फक्त उत्तेजित रेणू, आणि ते मूठभर. न चमकणारे बहुसंख्य कण, विशेषतः अणुरूप हायड्रोजन, थर घडवतात. त्यांना गाठायला लेसरच हवा: २०५ नॅनोमीटरचे दोन फोटॉन एकदम शोषले की हायड्रोजनचा अणू ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश देतो, आणि त्यावरून त्याचे प्रमाण जागोजाग काढता येते. वायूचे तापमानही असेच दुरून मोजावे लागते: तापमापी झोतात धरावी तर ती टिकत नाही. टिकली तरी प्रवाहच बिघडवते.

लेसर महाग पडतो, हे मान्य. तयार थराच्या रामन वर्णपटात १३३२ प्रतिसेंटीमीटरची रेषा दिसली की पुरे, असेही कुणी म्हणेल. रामन यांच्या शोधाचे मोल मी कमी लेखत नाही. पण ती रेषा हिरा झाला एवढेच सांगते. झाला नाही तर का, याचे उत्तर पृष्ठभागालगतच्या मिलिमीटरभर वायूत असते, आणि ते झोत चालू असतानाच मिळते.

– एक वाचक, एकोडी (जि. भंडारा)