पायलटचा परवाना हाती आला, नोकरीचे काय?

भिवंडीचे एक यंत्रमागमालक गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. बारापैकी सहा माग विकायला काढले होते, सौदाही जवळपास ठरला होता. मुलाला पायलट करायचे होते. कुणा एजंटाने त्यांना सांगितले होते की, एकदा परवाना झाला की विमान कंपन्या मागे लागतात. आम्ही त्यांना एवढेच विचारले, "भाईसाहेब, सूत उधारीवर उचलता तेव्हा कापड कोण घेणार हे आधी पाहता ना? मग इथे का नाही पाहिले?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

गैरसमज नसावा. आमच्या मुलामुलींनी या पेशात जावे असेच आम्हाला वाटते, आणि मागणीही खोटी नाही. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची खरेदी जाहीर केली. डिसेंबर २०२५ मध्ये, वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम कडक झाल्यावर, इंडिगोला माणसे कमी पडली आणि हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. पण तुटवडा मुख्यतः अनुभवी कॅप्टनचा असतो. दोनशे तासांचा नवखा मुलगा रांगेत उभा असतो, आणि एखादी कंपनी बसली की त्याच रांगेत हजारो तासांचे अनुभवी लोक येऊन उभे राहतात. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट एअरवेज, २०२३ मध्ये गो फर्स्ट. बाजार एकदम पडतो म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता खर्च पाहू. व्यावसायिक परवान्यासाठी वय अठरा पूर्ण हवे, बारावीला फिजिक्स आणि गणित हवे (ज्यांचे हे विषय नव्हते ते मुक्त विद्यालयातून देतात), डी.जी.सी.ए.च्या प्रत्येक पेपरात किमान ७० टक्के गुण आणि दोनशे तासांचे उड्डाण हवे. मुलगा गोंदियाला शिको, धुळ्याला शिको की रायबरेलीजवळच्या फुरसतगंजच्या सरकारी अकादमीत, पन्नास लाखांच्या आसपास रक्कम धरूनच चालावे. बहुतेक घरांचा हिशेब इथेच संपतो. परंतु या परवान्यावर प्रवासी विमान चालवता येत नाही. त्या त्या जातीच्या विमानाचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते, त्याला टाईप रेटिंग म्हणतात, आणि त्याला आणखी पंधरा-वीस लाख किंवा जास्तही लागतात.

हैदराबादच्या सय्यदा सलवा फातिमा यांचे उदाहरण अनेकांना ठाऊक असेल. बेकरीत काम करणाऱ्या बापाची ही मुलगी. दानशूर लोकांनी हात दिला, मुलीने जिद्दीने २०१३ मध्ये परवाना मिळवला. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. पण पुढच्या शिक्षणाचे पैसे कुठून आणायचे, तिथे गाडी अडली. राज्य सरकारने मोठी मदत केली तेव्हा पुढचा मार्ग खुला झाला आणि शेवटी त्या विमान कंपनीत लागल्या. इतकी हुशार, इतकी नावाजलेली मुलगी जिथे अडते, तिथे आपण अडणार नाही असे समजणे बरोबर नाही.

म्हणून आमचे मत असे की, भांडवलाचे दोन भाग करावेत आणि दुसऱ्या भागाला परवाना होईपर्यंत हात लावू नये. बसून राहिलेला परवानाही खर्च मागतो. वैद्यकीय तपासणी दर वर्षी, उपकरणांच्या साहाय्याने उड्डाण करण्याची परीक्षा दर वर्षी, हात चालू ठेवायला अधूनमधून विमानाचे भाडे. आणि टाईप रेटिंग गिऱ्हाईक पाहिल्याशिवाय करूच नये. इंडिगोची बहुतेक विमाने एअरबसची, अकासाची बोइंगची. एकाचे रेटिंग दुसऱ्याकडे चालत नाही. निवड झाल्यावर रेटिंग करून घेणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांची वाट पाहिलेली बरी. बँक तारणाशिवाय एवढे कर्ज देत नाही, आणि व्याजापासून दूर राहणारी मंडळी सरळ दुकान किंवा घरच विकतात. त्यांनी तर दुप्पट सावध असावे.

निवडीची पद्धत सगळीकडे साधारण सारखी आहे. लेखी परीक्षा, मग संगणकावर लक्ष, स्मरण आणि हाताची चपळाई तपासणाऱ्या चाचण्या, काही ठिकाणी गटचर्चा, सिम्युलेटर आणि मुलाखत. लेखीची तयारी मुले करतात. मुलाखतीत मात्र आमची चांगली मुले मार खातात. इंग्रजी कच्चे म्हणून, असे लोक म्हणतात. ते अर्धेच खरे आहे.

मुलाखत घेणारे उमेदवाराचे लॉगबुक उघडतात. ही वैमानिकाची रोजकीर्द. अमुक तारखेला कुठून कुठे गेलात, वारा कसा होता, तेव्हा परत का फिरलात, असे विचारतात. ज्याने तास खरे उडवले त्याला सगळे आठवते. ज्याने कुणाला पैसे देऊन तास भरून घेतले त्याची जीभ अडखळते. २०११ मध्ये गोव्यात एका विमानाचे पुढचे चाक आधी टेकले, चौकशी झाली आणि बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक पकडले गेले. तेव्हापासून कागद फार बारकाईने तपासले जातात. वहीतली एक खोटी नोंद सगळा गल्ला बुडवते.

दुसरा प्रश्न हमखास येतो: कॅप्टन चूक करतो आहे असे दिसले तर तुम्ही काय कराल? आमचा मुलगा अदब शिकलेला. कारखान्यात उस्तादाच्या पुढे बोलायचे नाही, दुकानात अब्बांचा भाव चुकला तरी गिऱ्हाईकासमोर गप्प राहायचे. तो उत्तर देतो, "कॅप्टन सीनिअर आहेत, त्यांना जास्त कळते." तिथेच त्याचे नाव खोडले जाते. मे २०१० मध्ये मंगळूरला सहवैमानिकाने तीनदा सांगितले की, उतरू नका, पुन्हा वर घ्या. कॅप्टनने ऐकले नाही, विमान धावपट्टीबाहेर गेले, १५८ माणसे गेली. कंपनीला असा माणूस हवा असतो जो आदर राखून बोलेल, पुन्हा बोलेल आणि वेळ पडली तर विमान स्वतःच्या हातात घेईल. हे कोणत्याही क्लासमध्ये आठ दिवसांत शिकवता येत नाही. घरातच शिकवावे लागते. मुलाने हिशेबातली आपली चूक दाखवली तर रागावू नका, त्याला नीट मांडू द्या. स्वतःची चूक सांगायची सवयही तिथेच लागते, कारण "शिकताना तुमच्याकडून झालेली एक चूक सांगा" हाही प्रश्न येतोच, आणि "एकही झाली नाही" असे सांगणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

मुलींबाबत आमच्या भगिनींना वेगळे सांगावेसे वाटते. भारतात स्त्री वैमानिकांचे प्रमाण जगातल्या बहुतेक देशांपेक्षा जास्त आहे, आणि सिम्युलेटरला मुलगा-मुलगी कळत नाही.

भिवंडीच्या भाईसाहेबांनी मागांचा सौदा तूर्त थांबवला आहे. आधी वर्ग दोनची आणि वर्ग एकची वैद्यकीय तपासणी करून घ्या, मगच कुठेही फी भरा, असे आम्ही सुचवले होते. काही हजारांत होणारे हे काम लोक लाखो भरल्यावर करतात आणि रंग ओळखण्यात दोष निघाला की डोक्याला हात लावतात. मुलाची पहिली तपासणी झाली आहे, डोळे ठीक निघाले. संध्याकाळी आता तो हिशेबाच्या वहीवर बसतो आणि परवा त्याने वडिलांची एका पार्टीच्या बाकीतली चूक काढली. भाईसाहेबांनी फोन करून हे आम्हाला सांगितले, जरा तक्रारीच्या सुरात.