माफ करायचा हक्क कुणाचा?

शहापूर-मुरबाडकडच्या गावांत भांडणं लागतात ती बहुधा भाताच्या बांधावरून, वाटेवरून, नाहीतर कुणाच्या शेळ्या कुणाच्या शेतात शिरल्या म्हणून. जमिनीला मोल आल्यापासून बहिणीच्या हिश्श्याचीही त्यात भर पडली आहे. प्रकरण हातघाईवर आलं की चार बुजुर्ग बसतात. 2007 साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेनं अशा बैठकीला सरकारी नावही दिलं. कोर्टाच्या खेपा वाचतात, हे चांगलंच. पण ज्याचं डोकं फुटलं त्याला सर्वांत शेवटी विचारतात, तेही "आता मिटवून टाक" एवढंच. बाई असेल तर तिच्या वतीनं दीर बोलतो.

सूरह बकराची 178 वी आयत काढून पाहा. खुनातसुद्धा माफीचा अधिकार वारसांना आहे, जमातीला नाही. आणि माफी मिळाल्यावर दियत भलेपणानं चुकती करणं गुन्हेगारावर बंधनकारक आहे. माफीचं आपल्याला बरोबर आठवतं, दियतीचं मात्र आठवत नाही.

कोर्टातही वेगळं काय घडतं? महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ज्वारीची राखण करणाऱ्या शेतकऱ्याचा जीव गेला. निमित्त काय, तर कुत्रं भुंकलं. 3 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि खेदानं नोंदवलं की, भरपाईचा विचार खालच्या कोर्टांनी केलाच नाही. प्रत्येक फौजदारी खटल्यात तो करायलाच हवा, असं बजावलं. त्या घराला मात्र उशीर झाला होता.

1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेत फिर्यादीची प्रत फुकट मिळते, तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत कळवायचं असतं, आणि सरकारला खटला मागे घ्यायचा तर आधी पीडिताचं ऐकावं लागतं. गुन्हेगार सापडला नाही तरी भरपाईसाठी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

साधी मारहाण ज्याला लागलं त्यानं खुशीनं मिटवावी, कायद्याची हरकत नाही. बलात्काराला मात्र तडजोड नाही, कागदावर गावाच्या कितीही सह्या असोत. आणि सुलह करायचीच असेल, तर बुजुर्गांनी बैठकीआधी जखमीच्या घरी जावं. दवाखान्याला किती लागले, किती दिवसांची मजुरी बुडाली, त्या वाटेनं जायची अजून भीती वाटते का, हे विचारावं. घरातल्या बाईलाही, दीर समोर नसताना.