ताम्हण फुलू द्या, त्याचं आळं मोकळं करा

रहिवासी, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि दुकानदार या सर्वांना कळकळीची विनंती.

ताम्हण म्हणजे महाराष्ट्राचं राज्यफूल. कोकणात ओढ्या-नद्यांच्या काठी ते आपसूक वाढतं. कुणी त्याला तामण म्हणतं, कुणी जारूळ, कुणी मोठा बोंडारा. शहरांतही रस्त्याकडेला आणि सोसायट्यांच्या आवारात ते लावलं जाऊ लागलं, ही फार चांगली गोष्ट झाली. पण लावलेल्या झाडांची आजची अवस्था पाहवत नाही. बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक, खोडात पाट्यांचे खिळे, आणि ऐन फुलायच्या वेळी शेंडे उडवलेले. हे थांबवायला आपली साथ हवी.

सगळ्यात आधी छाटणीबद्दल. ताम्हणाचा फुलोरा नव्या पालवीच्या टोकाला येतो. हिवाळा सरताना पानं तांबडी होऊन गळतात, ऊन तापू लागलं की नवी पालवी फुटते आणि एप्रिल ते जून या काळात फांद्यांच्या शेंड्यांवर जांभळे तुरे उभे राहतात. पावसाळ्यापूर्वीची छाटणी नेमकी याच दिवसांत सुरू होते. शेंडा गेला की त्या वर्षीचं फूल गेलं आणि मे महिन्यातली सावलीही गेली. वाळलेली, किडलेली, तारांना टेकणारी फांदी जरूर काढावी. माणसाच्या जिवाला धोका असेल तिथे वाद नको. बाकी आकार देण्याची छाटणी पानगळीत, पालवी फुटण्याआधी उरकावी. त्यासाठीचा अर्ज सोसायट्यांनी डिसेंबरमध्येच द्यावा. महाराष्ट्रातल्या शहरी झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे आणि झाड जाळणं, कापणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणं हे त्या कायद्यानं झाड तोडण्यातच मोडतं. खासगी माणूस बोलावून परस्पर फांद्या उतरवू नका.

दुसरं मागणं आळ्याचं, आणि ते आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. बुंध्यापर्यंत काँक्रीट आलं की पावसाचं पाणी वरूनच गटारात जातं आणि झाड वर्षानुवर्षं हळूहळू सुकत राहतं. कारण मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या प्रकरणात बजावलं होतं. आपणही तेवढी जागा मोकळी करू या. ब्लॉक काढताना पहार जपून चालवा, मुळं वरच असतात. मोकळ्या मातीवर झाडाचाच पालापाचोळा पसरा. तो बुडाशी जाळू नका. लोखंडी जाळी खोडात रुतू लागली असेल तर आजच कापून काढा. तार आणि दिव्यांच्या माळा उतरवा, खिळे उपटा.

नवं झाड लावणाऱ्यांनी जागा उन्हाची बघावी. वर विजेची तार नको आणि भिंतीपासून दहा फूट तरी अंतर हवं, कारण हे झाड चांगलं उंच होतं. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा उन्हाळ्यातच तापू द्या, पोयटा आणि कुजलेलं शेणखत भरा, आणि एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावा. बांबूच्या काठीला सुतळीनं सैल बांधा. ताम्हण मूळचं पाण्याजवळचं झाड. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात पहिली दोन-तीन वर्षं ते आपल्या बादलीवरच तगतं. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा आळं भरून पाणी द्या, म्हणजे मुळं खोल जातील. धुणं-भांड्यांचं साबणाचं पाणी नको. ज्या घरासमोर झाड आहे त्या घरानं पाण्याची जबाबदारी घ्यावी आणि गावाला जाताना ती शेजाऱ्याला सांगून जावं.

रोपांसाठी पैसे घालवायची गरज नाही. ताम्हणाची टणक बोंडं हिवाळ्यात तपकिरी होऊन उकलतात आणि आतलं पंखवालं बी वाऱ्यावर उडतं. उकलू लागलेली बोंडं मुलांना वेचायला सांगा. ताजं बी माती-शेणखताच्या पिशवीत अगदी वरवर पेरा आणि ओलावा टिकवा. ज्यांच्याकडे उन्हाची गच्ची आहे त्यांनी ही रोपं कमरेएवढी होईपर्यंत सांभाळावीत. रस्त्याकडेला इवलंसं रोप लावलं तर पहिल्याच आठवड्यात ते गुरं खातात किंवा गाड्या चिरडतात.